ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली सहा वर्षांच्या आतली लेकरं : वजन-उंची होते, मनाचं कोण बघतं?

बालाघाट

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात वाड्या-तांड्यांवर लहान मुलांसोबत काम करते. लहान मुलांचं मानसिक आरोग्य म्हटलं की चर्चा लगेच शहरातल्या शाळा, स्क्रीन टाइम वगैरेकडे जाते म्हणून मुद्दाम हा धागा काढतेय. विषय फक्त एका गटापुरता ठेवते, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली ० ते ६ वयाची मुलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून (म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. शाळेतली मोठी पोरं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर गावात राहू शकतात, पण अंगावर पिणारं आणि दोन-तीन वर्षांचं लेकरू आईबरोबरच जाणार. तिथं कोपी (तात्पुरती झोपडी) घालून राहायचं, भल्या पहाटे थंडीत आई फडात, लेकरू पाचटावर चवाळ्यात गुंडाळून निजवलेलं, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, म्हणजे ती बहीणही अजून लहानच आहे हे आपण विसरतो.

उन्हाळ्यात ही पोरं अंगणवाडीत परत येतात तेव्हा मला काय दिसतं ते सांगते. तीन वर्षांचं मूल, दोन शब्द जोडून बोलत नाही. दुसरं एखादं आई दोन पावलं लांब गेली की श्वास अडकेपर्यंत रडतं. आणि तिसऱ्या प्रकारची मुलं म्हणजे आई गेली काय आली काय, काहीच फरक नाही, कोणीही उचललं तरी मुकाट जातात, खेळणं पुढं ठेवलं तरी हात लावत नाहीत. मला या गप्प मुलांची सगळ्यात जास्त काळजी वाटते कारण लोक म्हणतात, किती शहाणं आहे, त्रासच देत नाही.

आल्या आल्या आपण वजन, उंची, दंडघेर घेतो. घ्यायलाच हवा. पण मूल हसतं का, बोट दाखवून काही मागतं का, रात्री दचकून उठतं का, आणि त्याच्या आईचं कसं चाललंय, हे विचारायची जबाबदारी कोणाचीच नाही. तालुक्याला बालमानसतज्ज्ञ येणार नाही हे मी धरूनच चालते. तर जे आहे त्यातून काय उभं करता येईल? ज्यांनी काम केलंय, बघितलंय त्यांनी लिहा प्लीज.

रोखठोक_परभणी

ताई तुमची तळमळ कळते. पण राग मानू नका, ज्या पोराला सकाळी दूध नाही त्याच्या मनाचं काय बघायचं? आधी पोट भरू द्या, मजुरीचा दर वाढू द्या, उचलीचा फास सुटू द्या. मन वगैरे नंतर. सरकारला नवीन योजनेचं नाव द्यायला फक्त निमित्त मिळतं आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. हे मी मनापासून लिहितोय, वाद घालायचा म्हणून नाही.

डॉ_वैदेही

@रोखठोक, दर वाढायलाच हवा यात दुमत नाही. पण आधी पोट मग मन ही जी रांग आपण लावतो ना, ती बालरोगात टिकत नाही, आणि हे मी वॉर्डातल्या अनुभवावरून म्हणतेय.

तीव्र कुपोषित मुलाला दवाखान्यात भरती केल्यावर काय करायचं याच्या जागतिक आरोग्य संघटनेने दहा पायऱ्या सांगितल्यात. साखर कमी झालेली बघा, अंग गार पडू देऊ नका, पाणी कमी पडलंय का, जंतुसंसर्ग, हळूहळू आहार वगैरे. त्यातली नववी पायरी आहे मुलाला खेळ, स्पर्श, बोलणं आणि मायेचा आधार देणं. रोज १५ ते ३० मिनिटं ठरवून खेळ घ्यायचा असं त्यात लिहिलंय. म्हणजे जीव वाचवायच्या यादीतच ते आहे, नंतरचं नाही. प्रत्यक्षात वॉर्डात आपण आठ पायऱ्या करतो, वजन वाढलं की दहावी म्हणजे डिस्चार्ज, आणि मधली गाळतो, कारण तिचं औषध स्टोअरमध्ये मिळत नाही.

दुसरं, जमैकातलं काम. १९८०च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमधली ९ ते २४ महिन्यांची खुरटलेली १२९ मुलं घेतली. काहींना पूरक आहार, काहींना आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईबरोबर तासभर खेळ, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. खेळ घेणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या, वस्तीतल्याच आरोग्य कार्यकर्त्या होत्या, खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंची. हे दोन वर्षं चाललं. ती मुलं २२ वर्षांची झाली तेव्हा खेळाच्या गटातल्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली, आणि नुसता आहार मिळालेल्यांमध्ये तसा फरक टिकला नाही. आहार नको असा याचा अर्थ कोणी काढू नये. एकट्या आहाराने भागत नाही, एवढाच.

मांडवीकाठ

मी गोव्यात समुपदेशनाचं काम करते, माझं माहेर सोलापूरकडचं, त्यामुळे उसाच्या टायरगाड्या लहानपणापासून बघितल्यात. डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून एक सांगते, मुलाच्या मनाकडे जायचा रस्ता आईवरून जातो आणि ते आपल्या सगळ्या योजनांमध्ये सुटलंय.

म्हापशाच्या सरकारी हॉस्पिटलात दिवस गेलेल्या २७० बायकांचा अभ्यास झाला होता, २००२ साली आला तो. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. कारणं काय सापडली? घरची ओढगस्त, नवऱ्याशी पटत नसणं, मारहाण, आणि मुलगी होणं. आता ही यादी घेऊन कोणत्याही कोपीत जा, वेगळं काय मिळणार? त्याच टीमने पुढे बाळांकडे बघितलं तर सहाव्या महिन्यात नैराश्य असलेल्या आयांची बाळं वजनात मागे असण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं, वाढीच्या टप्प्यातही ती मागे होती. @रोखठोक दादा, म्हणजे पोटाचा प्रश्नसुद्धा काही घरांमध्ये आईच्या मनापासून सुरू होतोय. ज्या बाईला सकाळी उठावंसंच वाटत नाही ती दर दोन तासांनी बाळाला भरवणार कशी?

आणि याला उपाय आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत तिथल्या आरोग्य सेविकांनी, फार न शिकलेल्या बायकांनी, घरी जाऊन आयांशी ठरावीक पद्धतीने बोलायचं काम केलं, २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी जिथे हे झालं तिथे २३ टक्के आया नैराश्यात होत्या, जिथे नुसत्या साध्या भेटी झाल्या तिथे ५३ टक्के. नंतर गोव्यात संगथ संस्थेने तेच आणखी सोपं केलं, वस्तीतल्याच, स्वतः आई असलेल्या बायकांना सखी म्हणून तयार केलं. सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या आयांचं प्रमाण तिथेही जास्त दिसलं. सखी काय करते तर ऐकते, बाईची रोजची कामं वाटून घ्यायला घरच्यांना तयार करते, बाळाशी कसं खेळायचं ते दाखवते. यात असं काय आहे जे बीडची बाई करू शकणार नाही?

सुमनताई

मी एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत मुख्यसेविका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. बालाघाट, तुम्ही म्हणता मुलाच्या विकासाची नोंद कुठेच नाही तर तसं नाही. माता बाल संरक्षण कार्ड उघडून बघा, मूल कधी हसेल, कधी बसेल, कधी बोलेल ते चित्रांसकट आहे त्यात. फक्त ती पानं कोणी भरत नाही. कार्डावरचा वाढीचा आलेख भरला जातो कारण तो वर विचारला जातो. जे वर विचारत नाहीत ते खाली होत नाही, एवढं नोकरीत कळलं.

ही योजना १९७५ ला २ ऑक्टोबरला ३३ प्रकल्पांत सुरू झाली तेव्हापासून सहा सेवा ठरलेल्या आहेत, त्यात पूर्वशालेय शिक्षण आहे, संदर्भ सेवा आहे. सगळं कागदावर आहे हो. पण सेविकेचा दिवस बघा. पोषण ट्रॅकर ॲपवर हजेरी, फोटो, टीएचआर (घरी न्यायचा आहार) वाटताना लाभार्थ्याचा चेहरा जुळवा, नेट नसलं की टेकडीवर जा, त्यात मतदार यादी, सर्व्हे. २०२१ ला राज्यभर सेविकांनी मोबाइल परत केले होते ते काही हौस म्हणून नाही, फोन चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होतं. आणि २०२३च्या डिसेंबरपासून ५२ दिवस संप झाला तो मानधनासाठी. ज्या बाईला स्वतःलाच कोणी विचारत नाही तिने दुसऱ्याच्या लेकराच्या मनाचं ओझं घ्यावं असं म्हणताना थोडा विचार करावा. मी विरोध करत नाहीये. सेविकेच्या अंगावर नवीन रजिस्टर टाकणार असाल तर आधी जुनी दोन कमी करा इतकंच म्हणतेय.

कोपीतला

माझे आईबाप ऊसतोडीला जायचे, मी स्वतः सहावीपर्यंत बऱ्याच सीझनला गेलेलो आहे, आता शिक्षक आहे. वरचं सगळं वाचलं. दोन गोष्टी बोलायच्यात जरा स्पष्ट.

एक, कृपा करून हे आईबापाचं दुर्लक्ष आहे असं कुठं लिहू नका. अजून कोणी लिहिलं नाही पण असल्या चर्चेत शेवटी गाडी तिथंच येते. माझी माय मोळ्या बांधता बांधता माझ्याशी बोलायची, गाणी म्हणायची, गाडी भरायची वेळ आली की मला टायरगाडीच्या सावलीला बसवायची. तिला माया कमी नव्हती, तिला वेळ नव्हता आणि अंगात ताकद उरत नव्हती. रात्री अपरात्री कारखान्याची गाडी आली की उठून भरायची, परत पहाटे फडात. झोपच नसलेल्या माणसाला तुम्ही पालकत्वाचं काय शिकवणार? माझी मोठी बहीण मला सांभाळायची, ती आजही म्हणते मला शाळेपेक्षा तुझं नाक पुसलेलं जास्त आठवतं. तिच्याकडं कोणी बघितलं? त्यामुळं सेवा काढायची तर ० ते ६ ची काढा पण त्या सांभाळणाऱ्या पोरीला धरून काढा, नाहीतर एकाचं बरं करायला दुसरीचं नुकसान.

दोन, भीती. लहान पोराला तिथं कशाकशाची भीती असते माहितेय का? रात्रीचा अंधार, साप, ट्रॅक्टरचा आवाज, बिबट्या आला म्हणून सगळी टोळी ओरडते ते, बाप दारू पिऊन आला की ते, मुकादम हिशोबाला येऊन मोठ्यानं बोलतो ते. पोरगं गप्प बसतं कारण गप्प बसायला शिकवलेलं असतं, रडलं तर काम थांबतं. बालाघाट ताई, तुम्ही ज्या गप्प मुलांबद्दल लिहिलं ते वाचून बराच वेळ काही सुचलं नाही मला.

बालाघाट

दादा, धन्यवाद लिहिल्याबद्दल. तुमचा बहिणीचा मुद्दा मी धाग्यात वर धरते. खरंच आमच्या कुठल्याच फॉर्मात ती मुलगी नाही, सहा वर्षांच्या वर गेली म्हणून अंगणवाडीची नाही आणि शाळेच्या पटावर आहे पण वर्गात नाही.

सुमनताई, कार्डावरच्या पानांबद्दल बरोबर आहे, मी आज एक जुनं कार्ड काढून बघितलं, ती पानं कोरी होती.

डॉ_वैदेही

एक हिशोब मांडते कारण सगळ्या यंत्रणा कॅलेंडरवर चालतात आणि या मुलांचं कॅलेंडर वेगळं आहे, घोटाळा तिथे आहे.

समजा बाळ जूनमध्ये जन्मलं. आशाताई नवजात बाळाच्या भेटी बेचाळीस दिवसांपर्यंत देतात, त्या गावात होतील. त्यानंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या घरभेटी असतात. तिसरा महिना सप्टेंबर, मिळाली. सहावा डिसेंबर, नववा मार्च, दोन्ही वेळा बाळ फडावर. म्हणजे नेमका वरचा आहार सुरू होतो, बाळ बसायला, बडबडायला लागतं, अनोळखी माणसाला घाबरायला लागतं, त्याच काळातल्या दोन भेटी गेल्या. तसंच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. हा कार्यक्रम २०१३ ला आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्याचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतं, आणि त्यात विकासातला विलंबही बघायचा असतो, नुसते दात आणि डोळे नाही. ती एक फेरी जर हिवाळ्यात लागली तर ऊसतोडवाली सगळी मुलं गैरहजर.

तर माझी पहिली मागणी पैशाची नाहीच. बीड, जालना, परभणी आणि नगरचे काही तालुके इथे या फेऱ्या दसऱ्याच्या आधी एक आणि मे-जूनमध्ये एक अशा लावा. जिल्हा पातळीवर ठरू शकेल असं वाटतं.

आणि काय बघायचं ते साधं आहे, कोणालाही सांगता येतं. वर्षाचं झालं तरी बडबड नाही, बोट दाखवणं टाटा करणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी स्वतःहून दोन शब्द जोडत नाही. आणि कुठल्याही वयात आधी येत असलेलं बोलणं गेलं. यातलं काहीही असेल तर जूनपर्यंत बघू असं करू नका, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीला (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) पाठवा. तिथे श्रवण तपासणीही मागा कारण कान फुटलेली मुलं या गटात मी बरीच बघितलीत आणि ऐकू येत नसेल तर बोलणार कसं. मूल मागे पडलंय म्हणजे लगेच ऑटिझम असंही नाही, पुष्कळदा त्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं इतकंच असतं आणि अशी मुलं काही महिन्यांत भराभर पुढे येतात.

रोखठोक_परभणी

डॉक्टर, मांडवीकाठ ताई, वाचलं सगळं. पोट आणि मन वेगळं काढता येत नाही हे पटलं. पण माझा मूळ प्रश्न शिल्लक आहे, पाच-सहा महिने लेकरू जिथं असतं तिथं कोण आहे? गावातली आशा चांगली, सेविका चांगली, पण त्या बीडला आणि लेकरू कोल्हापूर नाहीतर बेळगावकडं. जबाबदारी कारखान्याची नको का? टोळी त्यांच्यासाठीच राबते.

कोपीतला

दादा, इथं गोम अशी आहे की कारखाना म्हणतो हे आमचे कामगार नाहीत, मुकादमाची माणसं आहेत. कायद्यानं ५० किंवा त्याहून जास्त कामगार असले तर पाळणाघर द्यायला लागतं, २०१७ पासून आहे ते, पण कामगारच नाहीत म्हटल्यावर पाळणाघर कुठलं. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, गोपीनाथ मुंडेंच्या नावाचं, त्याला टनामागं कारखान्याकडून पैसे मिळायचं ठरलेलं आहे. संत भगवानबाबा वसतिगृह पण आहेत, पण ती शाळेत जाणाऱ्यांसाठी. सहाच्या आतल्यांसाठी तळावर, म्हणजे टोळ्या कोप्या घालून राहतात तिथं, काय? साखरशाळा, म्हणजे कारखान्याजवळच्या हंगामी शाळा, पण मोठ्या पोरांच्याच.

कोसबाडकर

थोडं जुनं सांगतो. आमच्या डहाणू भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू केलं आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. मुलं गुरांमागे रानात जात तर तिथे कुरणशाळा घेतली. आज देशभर जो शब्द सरकारी पाट्यांवर आहे तो या कामातून आला. मूल जिथे आहे तिथे आपण जायचं, ही त्यातली मूळ गोष्ट होती. आज अंगणवाडी म्हणजे एक खोली आणि एक कोड नंबर झालाय आणि मूल खोलीत आलं नाही की ते गैरहजर.

बांधकामांवरही हे झालेलं आहे. दिल्लीत राजघाटजवळ १९६९ ला मीरा महादेवन यांनी मजूर बायकांची मुलं धुळीत पडलेली पाहिली आणि तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं, त्यातून मोबाइल क्रेशेस उभं राहिलं, पुढे मुंबईतही ते काम आलं. साइट संपली की पाळणाघर पुढच्या साइटवर. कारखान्याचा तळ तर दर वर्षी साधारण त्याच जागी पडतो, तिथे तर हे जास्त सोपं असायला हवं.

सुमनताई

कोसबाडकर भाऊंनी छान आठवण काढली, अनुताईंना मी प्रशिक्षणात एकदा ऐकलंय.

स्थलांतराबद्दल एक माहिती, पोषण ट्रॅकरमध्ये लाभार्थी दुसऱ्या अंगणवाडीत पाठवायची सोय आहे, राज्याच्या महिला व बाल विकास विभागाने स्थलांतरितांची वेगळी नोंद ठेवायलाही सुरुवात केली. म्हणजे कागद फिरू शकतो. पण गावाकडची सेविका आपला पट कमी होईल म्हणून नाव सोडायला बिचकते, आणि तिकडच्या सेविकेला आपला पट असतानाच वरून पन्नास मुलं मिळतात, तळ तिच्या अंगणवाडीपासून दोन-तीन किलोमीटर. ती जाणार कधी? तळावर सहा महिन्यांपुरती टोळीतलीच एखादी बाई मानधनावर घेतली, एक कोयता कमी पडेल त्याची मजुरी भरून दिली, तर ती दिवसभर पोरं बघेल. ती पोरांची भाषा जाणते, आया तिच्यावर विश्वास ठेवतात. मी नोकरीत असताना असा प्रस्ताव लिहून दिला होता, उत्तर आलं नाही.

धारणीची_सेविका

मी मेळघाटात अंगणवाडी चालवते फोनवरून लिहितेय चुका झाल्या तर समजून घ्या. आमच्याकडे ऊस नाही पण लोकं कामाला बाहेर जातात होळीला परत येतात. मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. आमची मुलं घरी कोरकू बोलतात आणि अंगणवाडीत आल्यावर सगळं मराठी, चार्ट मराठी गाणी मराठी. मूल बोलत नाही म्हणून सर लोक मंद लिहून जातात पण घरी ते मूल पटपट बोलतं. मी स्वतः कोरकू आहे मी आधी त्यांच्या भाषेत गोष्ट सांगते मग मराठी, महिनाभरात मूल मोकळं होतं. त्यामुळे तपासणीला कोणी आलं तर मुलाच्या भाषेत विचारा, लंबाडी बोलणारं घर असेल तर बंजारा बाईला जवळ बसवा.

दुसरं आम्ही मुलं परत आल्यावर पहिले काही दिवस काहीच शिकवत नाही. पाणी माती बाहुल्या ढोलकी आणि आईला पण बसू देतो. मूल आईला सोडत नसेल तर नाही सोडवत. आधी मदतनीस ओढून आत घ्यायची ते बंद केलं. मूल स्वतः येतं.

बालाघाट

ताई तुमचं दुसरं वाक्य मी प्रिंट काढून आमच्या केंद्रात लावणार आहे. आमच्याकडे अजूनही ओढून घेतात, दार लावतात, रडून रडून गप्प होईल म्हणतात. गप्प होतंच ते मूल, तेच तर.

बंजारा बोलीचं तर अगदीच खरं, आमचे बरेच तांडे आहेत आणि तपासणीच्या वेळी कोणी विचारत नाही घरी कोणती बोली.

मांडवीकाठ

आयांना विचारायचं कसं यावर कोणीतरी मेसेज केला म्हणून इथेच लिहिते. निराश आहात का असं विचारू नका, कोणी हो म्हणत नाही. आधी झोप, जेवण, अंगदुखी याबद्दल बोला, मग दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं होतं का, आणि उदास, काही चांगलं होणारच नाही असं वाटतं का. दोन्हीपैकी एकाला जरी बऱ्याच दिवशी होतं असं उत्तर आलं तरी परत भेटायला जा. आणि मरून जावंसं वाटतं का हे विचारायला घाबरू नका, विचारल्याने तसं मनात येत नाही. सासू समोर असताना मात्र यातलं काही विचारू नका, पाणी आणायला तिच्याबरोबर जा.

टेली मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून सुरू आहे पण मी ज्या बायकांशी बोलते त्यातल्या बहुतेकींना माहीत नसतो. फोन बहुतेक नवऱ्याकडे असतो ही अडचण आहेच. म्हणून आशाताईच्या फोनवरून, तिच्या शेजारी बसून लावायचा.

आणि बापांना विसरू नका. राज्यात सेवाग्रामची मेडिकल संस्था आणि युनिसेफ यांच्या मदतीने आरंभ म्हणून काम चाललंय, सेविका-आशांना लहान मुलांशी खेळ-संवाद शिकवायचं, त्यात पालक मेळावे घेतात, बाप पण येतात. ऊसतोडीतला बाप दिवसभर मुलाच्या आसपासच असतो, शहरातल्या कित्येक बापांपेक्षा जास्त. त्याने गाडी हाकताना लेकराला पुढ्यात बसवून दिसेल त्याचं नाव सांगितलं, बैल, झाड, पूल, तरी तो खेळच आहे.

कोपीतला

बापाचं बरोबर बोललात. माझा बाप गाडीवर मला मैलाचे दगड मोजायला लावायचा. अंक मी तिथं शिकलो.

मी एक काम घेतो. माझ्या ओळखीत तीन-चार मुकादम आहेत, त्यातले दोघं समजूतदार आहेत. निघायच्या आधी टोळीची बैठक होते, त्यात पंधरा-वीस मिनिटं मागून घेतो. मुकादमाला पण कळतं की पोर आजारी पडलं की कोयता बसतो, त्याच्या भाषेत सांगायला पाहिजे. सुमनताईंची टोळीतल्याच बाईची कल्पना मी त्याच्यापुढं ठेवणार, महामंडळाकडं मागणी करायची तर टोळ्यांचं लेखी पत्र असलं पाहिजे, नुसतं आपलं म्हणणं कोण ऐकणार.

रोखठोक_परभणी

पत्राचा मसुदा मी करतो. संघटनेत काम केलंय, कोणत्या टेबलावर कसं द्यायचं ते माहितेय. दराच्या मागणीच्या पत्रातच हे कलम टाकू, वेगळं पत्र दिलं की वेगळं पडतं. सांभाळणाऱ्या मोठ्या बहिणीचा मुद्दा पण त्यात घ्या, तिला साखरशाळेत जायला मोकळं करायचं असेल तर धाकट्यासाठी तळावर पाळणाघर हवंच, असं एकाला एक जोडून लिहिलं की नाही म्हणायला अवघड जातं.

डॉ_वैदेही

पाळणाघर झालं तरी एका बाईकडे तीस मुलं असं नको. तीन वर्षांच्या आतली असतील तर एकीकडे आठ-दहापेक्षा जास्त नकोत, नाहीतर ती फक्त राखण होते. मसुद्यात आकडा टाका.

बालाघाट

टाकूया. मी दसऱ्याच्या आधी आमच्या भागात निघणाऱ्या घरांची यादी करतेय, आशाताई आणि दोन सेविका बरोबर आहेत. प्रत्येक लहान मुलामागे कार्डाची ती कोरी पानं आईसमोर बसून भरायची, आईला मांडवीकाठ ताईंचे दोन प्रश्न, घरची बोली कोणती आणि मोठं भावंड कोण सांभाळणार हे शेवटच्या पानावर पेनाने लिहायचं. कार्ड आईच्या पिशवीत जाईल, म्हणजे तिकडच्या सेविकेला किंवा डॉक्टरला काही तरी हातात मिळेल. सुमनताई, तिकडच्या मुख्यसेविकांशी बोलायला तुमची मदत लागेल, कोल्हापूर-सांगलीकडे कोणी ओळखीचं आहे का?

सुमनताई

सांगलीला माझ्या बॅचच्या एक बाई अजून नोकरीत आहेत. नंबर व्यनि (खासगी मेसेज) करते. तिला फोन करताना दुपारी तीननंतर करा, त्याआधी ती केंद्रभेटीला असते.

धारणीची_सेविका

कार्डाला प्लास्टिक कव्हर घाला ताई, आमच्याकडे पावसात आणि चुलीजवळ सगळी खराब होतात.